आढीतली बाटली

मी बाटली बोलतेय. दारूची नव्हे, हे आधीच सांगून टाकते. बाटली म्हटलं की लोकांच्या भुवया लगेच वर जातात. मी आहे तपकिरी काचेची, वीतभरही उंच नसलेली, पण दिसायला नीटस. माझ्यातून ऊन आरपार जात नाही, याचा मला थोडा गर्व आहे. पांढऱ्या काचेच्या बहिणी दिसायला गोऱ्या असतील, पण पोटातला माल उन्हापासून जपायचा म्हटला की माणसांना आमचीच आठवण होते.

भट्टीतून बाहेर पडल्यावरचे दिवस मला फारसे आठवत नाहीत. नीट आठवतं ते पावसमधलं घर, आणि त्या घरातल्या दर्शनावहिनींचा ओट्यावरचा कप्पा. वहिनी केक छान करायच्या. वाडीत कुणाचा वाढदिवस असला की त्यांना निरोप यायचा. इसेन्सची मोठी बाटली त्यांना हाताळायला अवजड व्हायची, म्हणून त्या ते माझ्यात ओतून ठेवत. माझ्या पोटावर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर आपल्या गोलगरगरीत अक्षरात लिहिलं होतं, ‘व्हॅनिला’. सहा वर्षं मी त्या कप्प्यात होते. शेजारी वेलदोड्याचा डबा, पलीकडे केशराची डबी. अशी संगत कुणाला मिळते!

वहिनींचे यजमान अनिल जहाजावर ऑइलर होते. इंजिनाच्या सांध्यासांध्यांत तेल घालायचं, हेच त्यांचं काम. नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी. माणूस हाताचा हलका आणि स्वभावाने गरीब, पण सिगारेट सुटत नव्हती. मागच्या डिसेंबरात त्यांची एकुलती एक लेक मनस्वी फोनवर म्हणाली, “बाबा, मला दिवस गेलेत. आता ऐका. तुम्ही धूर सोडला नाहीत ना, तर बाळ तुमच्या मांडीवर देणार नाही. सांगून ठेवते.”

तेव्हा अनिल कुठल्याशा बंदरात होते. त्यांनी तिथूनच शब्द दिला. फेब्रुवारीत घरी आले ते सिगारेटचं पाकीट न घेता. “सोडली गो बाय,” त्यांनी लेकीला सांगितलं. वहिनींनी ग्रामदेवतेला नारळ ठेवला.

पण त्यांच्या बॅगेत तळाला, मोज्यांच्या आत, एक वाफेचं यंत्र होतं. त्याला व्हेप म्हणतात. आपल्याकडे त्याला बंदी आहे, हे अनिलना ठाऊक होतं. सोबत ग्लिसरीनचा डबा, वासाच्या चार कुप्या आणि निकोटीनची एक छोटी, घट्ट बुचाची बाटली. जहाजावरच्या एका सोबत्याने त्यांना हे सगळं घरी कालवायला शिकवलं होतं. “हा काय धूर नाय, वाफ हाय,” असं ते स्वतःशीच पुटपुटत. माणूस स्वतःची समजूत किती गोड आवाजात काढतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्याच आठवड्यात माझ्यातलं इसेन्स संपलं आणि वहिनींनी मला धुवायला बाहेर ठेवलं. अनिलनी मला उचललं, पाण्यात उकळलं, पुसलं, आणि माझ्या तोंडाला थेंब टाकायच्या नळीचं नवं टोपण बसवलं. पट्टी काढायला म्हणून नख लावलं आणि थांबले. “ऱ्हांवदे,” म्हणाले. “व्हॅनिला म्हटल्यावर कोण कशाला इचारतंय?”

इथेच चूक झाली. पण मी काय सांगणार? तोंड आहे, पण त्यातून फक्त ओतलेलं बाहेर येतं.

खरं सांगू का, तो काळ मला आवडला. लबाडी नाही आवडली, काम आवडलं. अनिल दुपारी मागच्या पडवीत बसत. हातमोजे घालत. आधी ग्लिसरीन, ते मधासारखं आळसात उतरायचं. मग वासाचे थेंब, ओठ हलवत मोजलेले. शेवटी त्या घट्ट बुचाच्या बाटलीतलं, श्वास रोखून. मग टोपण लावून मला दोन्ही तळहातांत धरून हलवायचं, बराच वेळ. त्यांना हापूसचा वास हवा होता. बाजारातल्या गोळीसारखा नव्हे, तर आढी उघडल्यावर येतो तो. जहाजावर नऊ नऊ महिने त्यांना त्या वासाची सय येत असे.

नुसतं कालवून भागत नाही, मुरावं लागतं. पहिल्या दिवशी मला उघडलं तर नाक चुरचुरायचं. आठवड्याने वास जरा एकमेकांत मिसळायचे. पंधरा-वीस दिवसांनी आतला पाण्यासारखा पांढरा द्रव फिकट चहाच्या रंगाचा व्हायचा, तेव्हा कुठे अनिल मान डोलवायचे. ओट्यावर वहिनींचं लोणचं मुरत होतं आणि कपाटात मी. दोघं एकमेकांपासून लपून एकच काम करत होती, याचं मला हसू यायचं. वहिनी एकदा नाक वर करून म्हणाल्यासुद्धा, “अहो, झाडावर अजून मोहोर हाय नि खोलीत पिकल्या आंब्याचा वास कुठनं येतो?”

“तुला भास होतो,” अनिल म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी आंबा उतरला. मधल्या खोलीत भाताचा पेंढा पसरून आढी घातली. खाली पेंढा, वर आंबे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. ज्यांनी आढीत हात घातलाय त्यांना तिची ऊब माहीत असेल. आत अंधार आणि अंग शेकणारी ऊब. जहाजावर अनिल आपली बाटली इंजिनरूमच्या उबदार कोपऱ्यात मुरत ठेवत. घरात इंजिनरूम कुठली आणायची? त्यांनी आढीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नव्याने भरलेली मी खालच्या थरात, भिंतीच्या बाजूला, पेंढ्यात जाऊन बसले.

आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे आठ दिवस. चारी बाजूंनी आंबे पिकत होते. हिरव्या सालीवर हळूहळू पिवळं चढत होतं. त्यांच्यात मीही पिकतेय असं वाटायचं.

नवव्या दिवशी अनिल कागदपत्रांच्या कामाला रत्नागिरीला गेले. घरी आले भिकाजीकाका. वय सत्तरीपुढे, दरवर्षी आढी निवडून पेट्या भरणारे. वाडीतल्या निलेशची गाडी चिपळूणला निघाली होती, तेव्हा मनस्वीसाठी पेटी भरायची होती. वहिनी विहिरीवर होत्या. काका पेंढ्यात हात घालून आंबे निवडत होते, आणि त्यांचा हात माझ्यावर पडला.

त्यांनी मला उजेडात धरलं, डोळे बारीक करून पट्टी वाचली. “व्हॅनिला. हां! वयनीनं लेकीला धाडायला ठेवलीन असंल.” आता तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे लेकीच्या पेटीत नुसते आंबे कधी जातात का? कुणी फणसपोळी खोचतं, कुणी कोकमं, कुणी काजूगर. काकांनी मला पेंढ्याचा छान वेढा दिला, फुटू नये म्हणून दोन मोठ्या आंब्यांच्या मध्ये बसवलं, आणि वर एक पायरी आंबा ठेवला. इतक्या मायेने मला कुणीच कधी ठेवलं नव्हतं.

दुपारी मी चिपळूणला पोचले.

मनस्वीने पेटी उघडली तेव्हा तिला सहावा सरत आला होता. एक हात कमरेवर, दुसऱ्याने ती आंबे काढत होती. मी हाताला लागताच तिचा चेहरा फुलला. “ओमकार, आईने बघ काय पाठवलंय!” ओमकार म्हणजे तिचा नवरा. संध्याकाळी त्याच्या ऑफिसातली माणसं यायची होती. “आंब्याचा केक करते,” ती म्हणाली.

माझी छाती धडधडली असती, छाती असती तर. ओट्यावर तिने रवा, साखर, आंब्याचा रस फेटायला घेतला. माझं टोपण फिरवलं, वास घेतला. “आईने यात हापूस घातलाय वाटतं! कसला सुंदर वास!” अनिलना दोन महिने जी दाद हवी होती ती आता मिळत होती, आणि मला वाटत होतं, पडावं, फुटावं, लादीवर सांडून जावं. पण बाटलीला स्वतःहून पडताही येत नाही. तिने नळी दाबली. चमच्यात दोन थेंब पडले.

तेवढ्यात फोन वाजला. तिचे हात भरलेले होते. “वाजू दे,” ती म्हणाली. थांबला. पुन्हा वाजला. ओमकारने उचलला आणि आवाज मोठा केला.

“ती बाटली!” अनिलचा आवाज ओळखू येत नव्हता. “मनू, ती बाटली उघडू नको! हात लावू नको!”

“बाबा? अहो, केकमध्ये घालत होते...”

“घातलीस?”

“नाही अजून. का?”

पलीकडे दोन क्षण काहीच ऐकू आलं नाही. मला नंतर कळलं, अनिल घरी येऊन थेट आढीकडे गेले होते, उसकटलेल्या पेंढ्यात गुडघ्यावर बसून धुंडाळत होते, आणि काकांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की बाटली लेकीकडे रवाना केली. त्या दोन क्षणांत त्यांना काहीही थाप मारता आली असती. जुनं झालंय, खराब झालंय, फेकून दे, एवढं पुरलं असतं. पण फेकताना हाताला लागलं तर? चव बघितलीन तर?

“त्यात निकोटीन हाय,” ते म्हणाले. “इख हाय ते, बाय. चमचा टाक. हात साबणानं धू, दोनदा. ती माझी बाटली. मी तुला खोटं बोललो. सिगारेट सुटली, पण हे नाय सुटलं.”

मनस्वीने चमचा बाजूला ठेवला. नळाखाली हात धुतले. दोनदा, मग तिसऱ्यांदा. मग खाली बसली आणि रडली. ओमकारने फोन बंद केला. त्या संध्याकाळी केक झाला नाही, पाहुण्यांना आंबे कापून दिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने अनिल चिपळूणला आले. सोबत वहिनी होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाटेतला सगळा प्रवास कसा झाला असेल ते समजत होतं. अनिलनी पिशवीतून ते यंत्र, कुप्या, घट्ट बुचाची बाटली असं सगळं काढून ओमकारच्या पुढ्यात ठेवलं. मनस्वी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, “रोज संध्याकाळी मला फोन करायचा. मी एकच विचारणार, आज? ओढलीत तर ओढली म्हणायचं. पण खोटं बोललात तर मी बाळंतपणाला माहेरी येणार नाही.”

“म्हणजे सोडायला अजून वेळ देतेस?” अनिलनी विचारलं.

“मुरायला वेळ लागतो,” वहिनी पहिल्यांदाच बोलल्या. “लोणच्याला नि अकलेला.”

ओमकारने माझ्या पोटातलं सगळं भुशाच्या डब्यात जिरवून, कुणाच्या हाताला लागणार नाही असं बांधून टाकलं. मी मोकळी होऊन पावसला परत आले. वहिनींनी बजावलं, “ही माझ्या सैपाकघरात परत यायची नाय.” वाईट वाटलं, वेलदोड्याचा डबा आठवला. पण त्यांचं बरोबर होतं. मी पडवीतल्या फळीवर, पक्कड आणि खिळ्यांच्या डब्याशेजारी गेले.

नातवंडासाठी अनिलनी यंदा जहाजावर परतणं पुढे ढकललं होतं, त्यामुळे तिथून मी रोजचा फोन ऐकत असे. “आज?” “आज नाय.” पहिले पंधरा दिवस अनिल माडाशीसुद्धा भांडत होते. बडीशेप चघळून जबडा दुखायला लागला. एका संध्याकाळी ते फोन हातात घेऊन कितीतरी वेळ बसले आणि मग म्हणाले, “आज एक ओढली. नाक्यावर. सिगारेट.” पलीकडून मनस्वी म्हणाली, “बरं. उद्या?” “उद्या नाय.” त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या तपकिरी रंगाचाही कधी वाटला नाही.

आषाढात मनस्वी माहेरी आली. श्रावणात मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळणा बांधला, तर त्याच्या कड्या अशा करकरायला लागल्या की दर झोक्याला पोर दचकून उठे. बायका गाणं म्हणायच्या थांबल्या. अनिल पडवीत आले आणि मला फळीवरून काढलं.

मला त्यांनी आधीच चार वेळा उकळून, घासून, शिवणयंत्राच्या तेलाने भरलं होतं. जुनी पट्टीही खरवडून काढली होती. पाटावर उभं राहून त्यांनी प्रत्येक कडीत थेंब टाकले, ओठ हलवत मोजलेले, पडवीतल्या त्या दुपारींसारखेच. एका कडीचा आवाज गेला, मग दुसरीचा. चौथ्या कडीला पाळणा मुका झाला.

मनस्वी त्यांच्याकडे बघत होती. बायकांच्या गर्दीतच तिने विचारलं, “आज?”

“आज नाय,” अनिल म्हणाले. “आज सत्तेचाळीस दिवस झाले.”

“हात धुवा. तेलाचे आहेत,” ती म्हणाली. ते हात धुवून आले, मांडी घालून बसले, आणि तिने मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं.

आता मी पाळण्याजवळच्या खिडकीत असते, उंचावर, पोरीचा हात पोचणार नाही अशी. सुखात आहे. कधीतरी पोटाच्या तळातून हापूसची एखादी झुळूक येते असं मला वाटतं, पण तो भासच असणार. एकच मागणं आहे तुमच्याकडे. माझ्यासारखी कुठलीही बाटली भरलीत, तर तिच्यावर आत जे आहे तेच लिहा. तिला स्वतःला सांगता येत नाही.

माझ्यावर आता नवी पट्टी आहे. अक्षर अनिलचं, जरा वाकडं. त्यावर लिहिलंय, ‘पाळण्याचं तेल’.