पिवळी तार आणि आजीची वीण

मित्रांनो, तुमच्या खिशातल्या फोनपुढे मी म्हणजे अगदीच पणजोबा! मी एक जुना घरगुती संगणक आहे. कीबोर्ड हाच माझा सगळा देह. चित्र दाखवायला मला घरातला टीव्ही लागतो, आणि बंद केलं की मी सगळं विसरतो. म्हणून जे जपायचं ते कॅसेटवर साठवायचं, असा माझा काळ होता.

मला घरी आणलं आत्याने. ती टायपिंगचे वर्ग घ्यायची. तिच्या आईला, म्हणजे घरातल्या आजीला, पानांची एक वीण येत होती. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला त्या विणीची शाल मिळायची. "मला हाताने येते, तोंडाने सांगता येत नाही," असं आजी म्हणायची. मग आत्या तिच्या शेजारी ठाण मांडून बसली, एकेक टाका मोजला, एकशे बारा ओळी माझ्यात भरल्या आणि कॅसेटवर साठवल्या. काय थाट होता तेव्हा माझा! शेजारीपाजारी मला बघायला यायचे. पुढे नवे संगणक आले, आजी गेली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी वीस वर्षं धूळ खात पडून राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग आत्याच्या थोरल्या भाचीला बाळ होणार असं कळलं. आजीच्या जुन्या शाली धुऊन धुऊन इतक्या विरल्या होत्या की टाका मोजायला गेलं तर धागाच तुटायचा. धाकटी भाची चिंगी श्रवणयंत्रं दुरुस्त करते. आत्याने मला तिच्यासमोर ठेवलं. "आईची वीण आता फक्त कॅसेटवर आहे गं," ती म्हणाली. "हा चालला नाही, तर ती गेलीच समज."

चिंगीने मला जेवणाच्या टेबलावर उघडलं. फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले. नव्या टीव्हीला माझी जुनी भाषा कळेना, तेव्हा आतूनच वेगळी जोडणी काढून दिली. आणि पडद्यावर माझा निळा रंग झळकला! आत्याने टाळ्या वाजवल्या.

तिथेच थांबायचं ना! पण चिंगीला नीटनेटकेपणाची भारी हौस. झाकण लावण्याआधी तिने धूळ झटकली, चिप्स काढून त्यांचे पाय घासले आणि सर्किटवर आडवी गेलेली एक पिवळी तार तिच्या डोळ्यांत खुपली.

"आत्या, हे तुझेच उपद्व्याप ना?"

या घरात काही जास्तीचं दिसलं की ते आत्याचंच, असं ठरूनच गेलेलं आहे. माझ्या पाठीला भोक पाडून तिने एक बटण बसवलं होतं खरं. त्यामुळे तिलाही पटलं. "असेल बाई. सुचलं असेल तेव्हा काहीतरी."

तार निघाली. मी आतून आक्रोश केला, पण मला तोंड कुठे आहे? कारखान्यात माझ्या सर्किटवर वीज नेणारी एक रेघ छापायचीच राहिली होती. ती चूक तिथल्या एका कामगार बाईने त्या तारेने भरून काढली होती.

टीव्ही काळाठिक्कर पडला. चिंगीला आपल्या नव्या जोडणीचाच संशय आला. तीन दिवसांत तिने ती तीनदा उचकटली, तीनदा बसवली. शेवटी तिचा चेहरा रडवेला झाला. "आत्या, बरा झालेला होता गं. मीच घालवला त्याला."

भिंग घेऊन आत्या माझ्या पोटात बराच वेळ बघत राहिली.

"चिंगे, हे बटणाजवळचं सोल्डर बघ. हे माझं. कसे ओघळ आलेत, वितळलेल्या मेणासारखे! आणि तार होती तिथले ठिपके बघ. मोहरीएवढे, अगदी एकसारखे. इतकं सुबक काम मी जन्मात केलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ती माझी नव्हेच! कारखान्यातली आहे. बसव परत."

चिंगीने तार जागेवर ठेवून सोल्डरचे दोन डाग दिले, मला चालू केलं, आणि मी उठलो! कॅसेट पहिल्यांदा अडकली. चिंगीने टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं आणि पुन्हा लावली. किर्र किर्र आवाज होत राहिला. दोघी श्वास रोखून उभ्या होत्या. मग एकेक ओळ पडद्यावर उतरू लागली. "दोन सुलट, एक उलट..." आत्या मोठ्याने वाचू लागली. एकशे बाराच्या एकशे बारा ओळी मी दिल्या, मित्रांनो! एकही टाका चुकला नाही. त्या दिवशी माझ्याइतका श्रीमंत कुणी नव्हता.

म्हणून एवढंच मागतो: जुन्या वस्तूंना माळ्यावर विसरू नका. आणि दुरुस्त करायला बसलात, तर एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही एवढ्यावरून ती उपटून टाकू नका. ती कुणी आणि कशासाठी बसवली, ते आधी शोधा.

बाळ आलं, आत्याने विणलेली शाल त्याच्या अंगावर पडली. चिंगीने सगळी वीण कागदावरही उतरवून ठेवली. आता आपलं काम संपलं, असं मी धरूनच चाललो होतो. पण शेजारणीच्या नातीसाठी दुसरी शाल विणायला बसताना आत्याने तो कागद बाजूला सारला आणि ती म्हणाली, "राहू दे गं तो. याला टीव्हीला लाव."