पोसमचं आयतं घर

अ‍ॅडलेडच्या प्राणिसंग्रहालयात वाघाच्या जंगलापुढे डोरीन ताटकळून कंटाळली. पिंजरे गेले, जनावरांना अगदी निसर्गातल्यासारखी घरं मिळाली. आता बांबू दिसतो, वाघ दिसत नाही.

पुढे मात्र ती थबकलीच. मांजराएवढ्या, रात्री हिंडणाऱ्या पोसम या प्राण्याचं नैसर्गिक घर म्हणून संग्रहालयातल्या शहाण्यांनी चक्क एक जुनं बैठं घर उभारलं होतं. गंजलेलं पत्र्याचं छप्पर, त्याला भगदाड आणि भगदाडात पोसम. डोरीनच्या घरीही छपराला असंच भगदाड होतं, रोज रात्री तिच्या डोक्यावर हेच पोसम नाचायचं, आणि तिचा नवरा केल "रविवारी बुजवतो" म्हणत सोफ्यावर लोळत असायचा.

"बघ!" शेजारी उभ्या केलची छाती फुगली. "हे लोक मरमर करून बांधतात, आपल्याकडे आयतं आहे. उगाच माझ्यामागे भुणभुण लावतेस."

डोरीनने जनावरांची देखभाल करणाऱ्या बाईंना हाक मारली. "अहो, आणखी एक नर ठेवून घ्याल का? दिवसभर झोपतो, रात्री उठून डब्यातली बिस्किटं खातो, कितीही ओरडा, जागचा हलत नाही."

"माणसाळलेला आहे का?"

"तीस वर्षं झाली," डोरीन म्हणाली, "प्रयत्न चालू आहे."