'नाही जमलं'चा रकाना

गोष्ट आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलीच आहे, पण तालुका विचारू नका. तालुक्याचं नाव सांगितलं की नोटीस येते. खरं तर नोटीस यायला आजकाल एवढंही लागत नाही.

एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या दोन शाळा एकाच आवारात आहेत. मराठी शाळेत तिसरीला शिकवते सारिका, उर्दू शाळेत तिसरीला शिकवते मलकापूरची शाहीन. दोघींची मैत्री हापशीवर डबे विसळता विसळता झाली. मग सारिकाने मोबाइलवर दोघींना उघडता येईल असा एक तक्ता केला. त्यात दोनच रकाने, 'जमलं' आणि 'नाही जमलं'. वर्गात जे अडलं ते एकीने लिहायचं आणि दुसरीने तोड सुचवायची. शाहीन बोलायची आणि फोन ते मराठीत लिहून द्यायचा. एकदा तिने लिहिलं, 'हातच्याची वजाबाकी. एकवीसपैकी चौदा पोरांना येत नाही. तीन दिवस घातले, पाण्यात गेले.' सारिकाने सुचवलं की दहा-दहा तुराट्यांच्या जुड्या बांध आणि हातचा घ्यायची वेळ आली की पोरांच्याच हातून जुडी सोडव. आठवड्याने शाहीन आवार ओलांडून सांगायला आली.

"सारिका, नऊ पोट्ट्यांले आली. पाच राह्यले. त्यायले बी आणतेच मी," ती म्हणाली, आणि तेही तिने त्याच पानावर लिहून टाकलं.

सारिकाला वाटलं, आपलं दोघींचं एवढं भलं झालं, तर तालुक्यातल्या सगळ्याच मास्तरांना असं एक ठिकाण का असू नये? तिने प्रस्ताव लिहिला आणि नमुना म्हणून तक्त्याची सहा पानं छापून जोडली. पानांवर शाहीनचं नाव होतं. ते पुसावं हे सारिकाच्या डोक्यातच आलं नाही, शाहीनला विचारावं हेही नाही. लपवण्यासारखं काही आहे असं वाटलं तर माणूस पुसेल ना.

प्रस्ताव वर पोचला आणि नियोजनाची सभा लागली. चाळीस मास्तर दहा वाजल्यापासून बसलेले, आणि विस्तार अधिकारी नारायणराव, म्हणजे तालुक्यातल्या शाळा तपासणारे साहेब, बाराला उगवले. पहिला पाऊण तास नव्या तक्त्याच्या नावावर गेला. 'ज्ञानकुंभ' की 'गुरुतेज', यावरून दोन केंद्रप्रमुख एकमेकांच्या अंगावर जायचेच बाकी राहिले. मग वर फोटो कोणाचा, त्याच्याखाली कोणाचा, आणि कोणाचा केवढा. मग असं ठरलं की मास्तर लिहील ते आधी केंद्रप्रमुख तपासतील, मग साहेब तपासतील, आणि मगच ते इतरांना दिसेल.

सारिका उठली. "साहेब, पोरगं आज अडलं तर तोड आज पाह्यजे. महिन्यानं येऊन काय कामाची?"

"बसा मॅडम. काही शिस्त असते का नाही?" साहेब म्हणाले.

मग त्यांनी तिचा प्रस्ताव पुढ्यात ओढला. अंगठा जिभेला लावायचा, पान उलटायचं, पुन्हा जिभेला लावायचा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर थुंकीचा ओला डाग. सारिकाला बघवेना. दीड वर्षाची दोघींची मेहनत तो माणूस चाटत बसला होता.

"हे 'नाही जमलं' काय भानगड आहे?" त्यांनी मान वर केली. "वरून कोणी उघडून पाह्यलं तर तालुक्याचं नाक कापल्या जाईन. हा रकाना काढा. त्या जागी 'यशोगाथा' टाका, फोटोसहित."

चाळीस मुंड्या हलल्या. त्यात प्रसेनजित सरांचीही होती. सकाळीच टपरीवर चहा पिताना ते म्हणाले होते, "मॅडम, तो रकाना ठेवाच. माह्या वर्गात भागाकाराचा पार बट्ट्याबोळ आहे." आता सारिकाने त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी नजर पंख्याला लावली. साहेबांची तिला नुसती चीड आली होती. यांची किळस आली.

उठताना तिने आपली पानं मागितली. साहेबांनी ती फाइलीत सारली. "राहू द्या. कार्यालयाची प्रत."

आठव्या दिवशी शाहीन हापशीजवळ कागद घेऊन उभी होती. सारिकाने वाचला. 'आपण स्वतः लेखी मान्य केल्याप्रमाणे आपल्या वर्गातील एकवीसपैकी चौदा विद्यार्थी वजाबाकीत अप्रगत आहेत. आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' भागाकाराचा बट्ट्याबोळ करून पंखा बघणारा सुखरूप, आणि खरं लिहिणारीला नोटीस. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

शाहीन भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी तुले सांगत होती, सारिका. साहेबाले नाही."

सारिका त्याच दिवशी अर्धी रजा टाकून साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, चौदाचे पाच झाले. त्याच पानावर खाली लिहिलेलं आहे."

"मग ते पाच तरी काऊन राह्यले?"

असं विचारणाऱ्या माणसाला काय सांगावं? साहेबांनी मात्र विड्याच्या पानाला चुना लावत समजुतीचा सूर काढला. "नोटीस म्हणजे काय, कागद आहे. कागदाले कागद लागते. तुम्ही लिहून द्या की नमुन्यातला मजकूर काल्पनिक होता, आणि शाहीन मॅडमचे सगळे विद्यार्थी प्रगत आहेत. मी नोटीस दप्तरी लावून टाकतो. पहिली यशोगाथा त्यायचीच घेऊ, म्हणजे विषय संपला."

म्हणजे ते चौदा खोटे, जुड्या सोडून शिकलेले नऊही खोटे, आणि अडलेले पाच तर जन्मालाच आले नव्हते. पण शाहीनच्या नोकरीवर आपण आणलेलं बालंट आपणच काढायला हवं होतं. तिने कोरा कागद मागून घेतला आणि साहेब सांगतील तसं शब्दाला शब्द लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. त्या अक्षराचीही तिला शिसारी आली.

नोटीस मागे गेली. पंधरा दिवसांत 'गुरुतेज' सुरू झालं, वर साहेबांचा फोटो, खाली शाहीनची यशोगाथा. प्रसेनजित सरांनी सगळ्यात आधी टाळ्यांचं चित्र टाकलं. दोघींच्या जुन्या तक्त्यात मात्र नोटीस आली त्या दिवसापासून एकही ओळ पडली नव्हती.

शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर सारिका स्वतःच आवार ओलांडून गेली. शाहीन वर्गाला कुलूप लावत होती.

"शाहीन, ते पाच जण कुठवर आले गं? मी एक दुसरी युक्ती काढली आहे, पाहून घे."

शाहीनने कुलूप ओढून पाहिलं, किल्ली पर्समध्ये टाकली. "कोणते पाच, मॅडम? माह्या वर्गात सगळे प्रगत आहेत. तुम्हीच तर लिहून देलं."