एकाच तारखेला जन्मलेले म्हातारे

मित्रांनो, मला शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. मी एक जुना तारीख-वाचक आहे. संगणकाच्या पोटातल्या थोड्या ओळी, एवढाच माझा देह. माणसं तारीख टाइप करतात, संगणकाच्या लेखी ती नुसती अक्षरं. मी ती फोडून दिवस, महिना, साल अशा त्याच्या कप्प्यांत भरतो. तो महिने शून्यापासून मोजतो आणि सालं एकोणीसशेपासून. त्याची रीत त्याला लखलाभ.

मला नागपूरच्या एका तरुणाने लिहिलं. त्याचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे घाई होती. साल दोनच आकडी आलं तर काय करायचं, हे त्याने जुना रिवाज उचलून एका ओळीत उरकलं: एकोणसत्तरपासून पुढे असेल तर मागचं शतक, त्याखाली असेल तर चालू शतक. शाळेच्या पोरांचे दाखले मी भराभर वाचले तेव्हा माझी वाहवा झाली. पोरं सगळी चालू शतकातली. त्यात माझं कौतुक ते काय?

पुढे मी अर्जुनी मोरगावच्या एका सेवा केंद्रात आलो आणि थकलो. इथे म्हातारे येत. कोणी सांगे, मी अठ्ठेचाळीसचा. केंद्र चालवणारी डिंपल ४८ टाकी आणि मी २०४८ वाची. जो जन्मायचाच आहे त्याचा अर्ज कोण घेणार? 'वय चुकीचे' अशी लाल ओळ येई. खाली बारीक अक्षरांत मी वाचलेलं पूर्ण साल असे, पण बारीक अक्षर वाचायची रीत आपल्याकडे नाही. डिंपलने तोडगा काढला. ०१/०१/६९ टाकलं की अर्ज जातो. मग तिने तालुक्यातले सारे म्हातारे एकाच दिवशी जन्माला घातले. बाईच्या हाताला बरकत आहे, असं लोक म्हणू लागले.

एका दुपारी लीलाधर आईला घेऊन आला. सुशिलाबाई पंचाहत्तरी ओलांडलेली. तिचा एक डोळा गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. मोफत शिबिरात सत्तरीवरचेच घेणार होते, नावनोंदणी पाचला बंद होणार होती, आणि कागदावर ती साठीच्याही आत होती.

"ताई, मी ऑगस्ट एकोणसत्तरचा," लीलाधर म्हणाला. "माय माह्यापेक्षा साडेसात महिन्यांनीच मोठी काऊन?"

"तवा पाळण्यात मी तुले टाकलं का तू मले?" सुशिलाबाईने विचारलं. मग डिंपलकडे तोंड करून म्हणाली, "भातात खडा लागला का सून माह्या डोळ्याले बोल लावते. एवढा डोळा वाचव वो माय."

डिंपल ओशाळली. खरं साल टाकलं का मशीन घेतच नाही, म्हणून साऱ्यांचं असंच टाकून राहिली, असं तिने सांगितलं. दाखवायला म्हणून सुशिलाबाईचं खरं साल, ४८, पुन्हा टाकलं आणि पहिल्यांदाच खालची बारीक ओळ वाचली. तिथे २०४८ होतं. मग १९४८ टाइप केलं. ते मी पापणी लवायच्या आत वाचलं. चार आकडे मला पहिल्यापासूनच येत होते. पाचच्या आत सुशिलाबाईचं नाव यादीत गेलं. पुढे तिचा डोळा वाचला. आता भातातले खडे ती स्वतः काढते आणि सुनेला दाखवते, असं ऐकतो.

त्या संध्याकाळी डिंपल बाकीचे म्हातारे एकेक उघडू लागली. शालीकरामचं नाव आलं. मागच्या शिबिरात तोही असाच वगळला गेला होता. तिने त्याच्या मुलाला फोन करून खरं साल विचारलं. तो म्हणाला, "बाबा पोळ्याले गेले ना ताई. आता कायले?"

शालीकरामच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज तिनेच भरला होता, रोजच्या गठ्ठ्यात ते नाव तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तो तिने उघडून पाहिला. मृत्यूचं साल तिथे चारही आकड्यांत होतं.

मित्रांनो, माझं काम संपत आलं आहे, नवे वाचक येतील. त्यांना शहाणपण शिकवत बसू नका. फक्त माणूस जिवंत असतानाच त्याचं साल पुरतं लिहा.