छाती दाबणारा बिरदेव

रबरी माणसाची छाती दाबायची म्हटल्यावर निम्मं गाव ग्रामपंचायतीतनं उठून चहाला गेलं. बिरदेव तेवढा चिकटून बसला. त्याचा बाप आकाराम मेंढरांमागं जाताना दोनदा कोसळला होता. काळीज थकलंय, असं डॉक्टरनं सांगितलेलं. अँब्युलन्सला गावात यायला दीड तास लागायचा, तोही ड्रायव्हरला वाट माहीत असली तर.

"काळीज थांबलं की मिनिटाला शंभराच्या वर दाबायचं," शिकवायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या. "बरगडी मोडली तरी थांबायचं नाही."

"मोडल्यावर मानूस वरडंल की ओ!" शेजारचा जोतीराम दारातनं म्हणाला. त्याला येत काहीच नव्हतं, कळत मात्र सगळं होतं.

"वरडला तर बरंच की. म्हणजे जिवंत आहे."

पंधरवड्यात बिरदेवाचं कुत्रं शेततळ्यात पडलं. प्लॅस्टिकचा कागद निसरडा, वर येता येईना. बाहेर काढलं तेव्हा गार पडलेलं. बिरदेवानं त्याचं तोंड मिटून नाकात फुंकलं, छाती दाबली, परत फुंकलं. कुत्र्यानं पाणी ओकलं, डोळे उघडले आणि पहिल्यांदा त्यालाच चावलं.

बिरदेवाचं नाव झालं आणि बोलावणी सुरू झाली. पण आधी अंगारा, मग लिंबू, मग पावण्यांना फोन, आणि सगळं आटपलं की बिरदेव, असा गावाचा क्रम. एक म्हातारी तर आदल्या दिवशीच गेलेली. सहा महिन्यांत जनावरं-माणसं धरून अकरा जीव त्याच्या हाताखालनं गेले; वाचला एकही नाही. जोतीरामची आजारी म्हैस चांगली उभी होती. बिरदेव गोठ्यात शिरताच खाली बसली, ती उठलीच नाही.

पुढं पुढं आजारी माणसं त्याला बघून तोंडावर वाकळ ओढायला लागली. गिरणीत मात्र त्याचं दळण सगळ्यांच्या आधी व्हायचं. लवकर जावा म्हणून.

चैत्रातल्या एका दुपारी आकाराम जेवता जेवता ताटावर कलंडला. बिरदेव रानातनं पळत आला, तर आई, रंगूबाई, दारात आडवी उभी.

"आई, सर. येळ जातोय."

"तू हात लावू नगंस त्येस्नी."

"आगं, ह्येंच्यासाठीच शिकलोय की मी!"

"आकरा झालं रं तुजं. बारावा माजा दादला नगं."

"ती समदी आदीच गेलीवती!"

"आन् ह्ये अजून हायती. म्हनूनच म्हनती, लांब ऱ्हा."

बिरदेव तरी आत घुसायला गेला. जोतीरामनं आणि आणखी दोघांनी त्याला धरून कडब्याच्या गंजीपाशी दाबून बसवला. घरात कांदा फोडून हुंगवला, कपाळाला अंगारा लागला.

"दाबा रं कुनीतरी! थांबू नगा, दाबा!" बिरदेव बाहेरनं ओरडत होता.

मग आत कुणीतरी आकारामचे पाय दाबायला बसलं.

अँब्युलन्स बरोबर दीड तासानं आली. ड्रायव्हरला वाट माहीत होती. डॉक्टरनं नाडी बघितली, मान हलवली. "छाती कुणीच दाबली नाही? लगेच दाबली असती, तर कदाचित हाताला लागले असते."

सगळ्यांनी बिरदेवाकडं बघितलं.

"शिकल्यालं पोरगं दारात बसून ऱ्हायलं की ओ," जोतीराम म्हणाला.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला निवद मांडला आणि माणसं लांब सरून उभी राहिली. लिंबावर कावळ्यांची जत्रा, पण खाली एक उतरेना. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला की असं होतं. मग जो तो आकारामला शब्द देऊन बघायला लागला.

"रंगूबाईला पोरगं अंतर देनार न्हाई गा!"

कावळे ढिम्म.

"मेंढरं इकनार न्हाई!"

एकानं पाठ फिरवली. ऊन डोक्यावर आलं. पावण्यांना एसटी गाठायची होती.

"बिरदेवा, तूच बोल," जोतीराम म्हणाला. "तुज्यापाशीच आडलंय."

बिरदेव पुढं झाला.

"आबा," तो म्हणाला, "हितनं म्होरं कुनाच्या छातीला हात लावनार न्हाई."

चार कावळे एकदमच उतरले.

"सुटला बिचारा," जोतीराम म्हणाला, आणि माणसं आपापल्या चपला शोधायला लागली.