पाढे म्हणणारा सॉलोमन

"सात गुणिले तीन," प्रोफेसर ऍम्ब्लर म्हणाला आणि सॉलोमन भुंकायला लागला. सभागृहात आमचं अख्खं बेट लोटलं होतं. एकविसाव्यांदा भुंकून ते काळंपांढरं कुत्रं गप्प बसलं, आणि दाराबाहेर बांधलेली आमची कुत्रीही गप्प झाली. जातभाईचं कौतुक त्यांनाही वाटलं असावं.

"आता बोला," टॉर्मोद म्हणाला. टॉर्मोद आमचा सगळ्यात जुना मेंढपाळ आणि शाळेच्या पालकसभेचा अध्यक्ष. स्वतःची मेंढरं तीनदा मोजली तर त्याचे तीन वेगळे आकडे येतात, त्यामुळे त्याला गहिवरून आलं होतं.

"वर्षापूर्वी या मुक्या जनावराला एक आणि दोन कळत नव्हतं," प्रोफेसर डोळे मिटून म्हणाला. "मग मी त्याला अंकशेवाळ चाटवलं. भरती-ओहोटी कशी ठरल्या वेळी येते? समुद्राला गणित येतं म्हणून. तेच गणित शेवाळात मुरतं, आणि त्याची कंपनं खडकालासुद्धा भेदून मेंदूत शिरतात."

आमच्या किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग कुजत पडलेले असतात, वास येतो म्हणून आम्ही नाक धरून जातो. तेच वाळवून, पुडीत बांधून त्याने आम्हाला विकलं. मीही घेतलं. मी मर्डिना, इथलं पोस्ट चालवते. दुसऱ्याची पत्रं न उघडता ओळखते म्हणतात, पण त्या दिवशी माझी अक्कल चरायला गेली होती. रोज सकाळी पेगीच्या ओटच्या लापशीत चमचाभर पूड घालायची.

"आई, गणित नाही आलं अजून," तिसऱ्या दिवशी पेगी म्हणाली, "पण पोट गुडगुडतंय. आज सात वेळा."

हसायला येतं आता. तेव्हा मी घाबरलेली होते. पेगी अकरा वर्षांची. आमच्या शाळेत एकच शिक्षिका, शोनागबाई. बिचारी शिकली गाणं आणि शिकवते सगळंच. विज्ञान-गणितात तिला हात देण्यासाठी मिसेस ड्रमंड दर पंधरवड्याला बोटीने येतात आणि दिवसभर तिच्याबरोबर बसतात. त्या दिवशी वर्ग आम्ही पालकांनी पाळीपाळीने सांभाळायचा, अशी आता शिक्षण खात्याची अट. आमची तयारी आहे की नाही ते शनिवारच्या सभेत ठरवून कळवायचं होतं. नाही म्हटलं तर मिसेस ड्रमंड बंद आणि वरचे वर्गही बंद. मग अकरा-बारा वर्षांची पोरं समुद्रापलीकडच्या वसतिगृहात. वारं पडलं तर शुक्रवारी घरी, नाहीतर नाही. माझं घर पेगी सोडली तर रिकामं आहे.

"मास्तरणीला शिकवायला आणखी एक मास्तरीण?" प्रोफेसर दुकानात, धक्क्यावर, जिथे तिथे म्हणायचा. "कुत्रा शिकला, तुमची पोरं नाही शिकणार?"

"मेंढरं सोडून वर्गात कोण बसणार?" टॉर्मोद मान डोलवायचा. "शेवाळ बरं. खाल्लं की झालं."

शुक्रवारी मिसेस ड्रमंड येणार होत्या, पण वाऱ्याने बोट रद्द झाली. शोनागबाई फोन करायला पोस्टात आली. मी तिकिटं मोजत असल्याचं दाखवून कान लावले. पोस्टवालीचा तो हक्कच आहे.

"हे थोतांड आहे हे मला कळतंय, पण कसं करतो ते नाही कळत," शोनागबाई रडवेली झाली होती. "मी गाणं शिकवणारी बाई. तुम्ही उत्तर सांगा ना."

"मलाही माहीत नाही," पलीकडून आवाज आला. "पण बियांचा प्रयोग केलात ना? एक कुंडी उजेडात, एक कपाटात, बाकी सगळं सारखं. तसंच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला."

फोन ठेवून ती वळली. पेगी कोपऱ्यात अभ्यास करत बसली होती. तिला शोनागबाईने विचारलं, "तुला काय वाटतं गं? काय बदलावं?"

"बाई, सगळे कुत्र्याकडेच बघतात," पेगी म्हणाली. "धन्याकडे कुणीच बघत नाही."

मी चमकलेच. आमच्याकडे मेंढपाळ कुत्र्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा बघायचं ते कुत्र्याकडे. धन्याच्या तोंडाकडे टक लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं. लहानपणापासून हे शिकलेली आम्ही शहाणी माणसं त्या प्रोफेसरला आयतीच सापडलो होतो.

शनिवारी मत घेण्याआधी शोनागबाई उठली. "प्रोफेसरसाहेब, चार अधिक पाच विचारा." सॉलोमन नऊदा भुंकला. टाळ्या पडल्या. मग तिने लोकरीच्या पोत्यांवर टाकायची ताडपत्री दोरीवरून सोडली. कुत्रं अलीकडे, प्रोफेसर पलीकडे. "आता पुन्हा तेच विचारा. बदललं ते एवढंच."

"चार अधिक पाच," पलीकडून आवाज आला, जरा बारीक.

सॉलोमन भुंकला. नऊ झाले, दहा झाले, वीस झाले. तिसाव्याला बाहेरच्या कुत्र्यांनी साथ धरली. सॉलोमन बिचारा ताडपत्रीकडे बघत केविलवाणा भुंकतच राहिला.

"ताडपत्रीने कंपनं अडली," प्रोफेसर म्हणाला.

"खडक भेदणारी?" शोनागबाईने विचारलं. "पेगी, काल हे कुत्र्याचा सराव घेत होते, तेव्हा तू खिडकीतून काय पाहिलंस?"

"उत्तर आलं की हे हनुवटी वर करतात. एवढीशी."

टॉर्मोद खुर्चीतून उठला, ताडपत्री बाजूला सारून कुत्र्यासमोर उभा राहिला. "दोन अधिक दोन," तो म्हणाला. सॉलोमन भुंकायला लागला. चार झाले तरी टॉर्मोद ढिम्म. सातव्याला त्याने हनुवटी उचलली आणि कुत्रं थांबलं.

"दोन आणि दोन सात," टॉर्मोद म्हणाला. "एवढं गणित मला शेवाळ न खाता येतं." मग त्याचा आवाज पडला. "चाळीस वर्षं मी बोटाच्या इशाऱ्यावर कुत्री फिरवतोय. आणि मलाच दिसू नये?"

मग मत घेतलं, आणि वर्ग सांभाळायला सगळे हात वर झाले. सगळ्यात आधी टॉर्मोदचा.

पुढे दोन दिवस बोट नव्हती आणि प्रोफेसर टॉर्मोदच्याच घरी उतरला होता. टॉर्मोदच्या बायकोने त्याला तिन्ही त्रिकाळ शेवाळाचं सूप वाढलं. सॉलोमनला मात्र मटणाची हाडं. त्याचा काय दोष?

माझं सांगणं साधं आहे. मी शिकलेली होते, तरी फसले, कारण मला भीती होती आणि त्या माणसाकडे भीतीवरची पुडी होती. तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक गोष्ट बदलून बघा. आणि तसं बघायला पोरांना शिकवणाऱ्या बाईच्या पाठीशी उभे राहा, तिला एकटं पडू देऊ नका.

मिसेस ड्रमंड येतात त्या दिवशी आता वर्गावर माझी पाळी असते. पोरं उत्तर द्यायच्या आधी माझ्या हनुवटीकडे बघतात, म्हणून मी पाठ करून उभी राहते. चार वाजता शाळा सुटते आणि पेगी घरी येते. रोज.