ज्या पत्त्यावरून आले

"अजून पोचले नाहीत, काका. जरा थांबावं लागेल."

"चालत निघाले असतील," काउंटरमागून काकू म्हणाल्या.

वरच्या कचेरीतला तरुण, चुरगळ, मोबाइलवरून नजर न काढता उभा होता. त्याचे शर्ट हँगरला लागले होते, त्याने पैसे पाठवलेही होते, आणि तरी व्यवहार पुरा झाला नव्हता. काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. पैसे वाटेत असतात म्हणजे नेमके कुठे असतात, हा प्रश्न गेले काही दिवस त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

"म्हणजे आत्ता ते तुझ्याकडे नाहीत, आणि माझ्याकडेही नाहीत?"

"जगभरातली मशिनं तपासतायत, मी खरंच दिले का ते. सगळ्यांचं जुळलं की पक्कं."

"एवढ्याशा शर्टांसाठी सगळं जग कामाला लावलंस?"

चुरगळ ओशाळून हसला. त्याचे हे नाव काकूंनी ठेवले होते. त्याचे कपडे पिशवीत कोंबून, बोळे होऊन येत आणि त्यांना सरळ करताना काकांचा अर्धा पाण्याचा फवारा संपे. काका माणसांना कपड्यांवरूनच ओळखत. दुकानावरच्या इमारतीत लहानलहान कंपन्यांच्या कचेऱ्या होत्या, आणि त्यांतल्या तीन क्रिप्टोच्या, म्हणजे संगणकावरच चालणाऱ्या नाण्यांच्या होत्या. प्रत्येकीचे नाणे वेगळे, पण हट्ट एकच: आपले नाणे लोकांच्या रोजच्या वापरात आले पाहिजे, त्याने चहा घेता आला पाहिजे, बसचे तिकीट काढता आले पाहिजे. वर या तिघी एकमेकींचे तोंड पाहत नसत, मात्र कपडे सगळ्यांचे एकाच टेबलावर सरळ होत. त्यामुळे प्रयोगाला तिघींनाही हेच दुकान सापडले. काकांच्या मोबाइलवर ही नाणी ठेवायची तीन वेगवेगळी पाकिटे आली. काकांना मजा वाटली. उभे आयुष्य दुसऱ्यांच्या कपड्यांवरून हात फिरवण्यात गेले होते. आता पहिल्यांदाच कोणी काही नवे शिकवायला त्यांच्या दारात येऊन उभे होते.

पहिले आले कडक साहेब. त्यांच्या शर्टांना इतकी खळ लागे की ते हँगरशिवायही उभे राहतील, असे काकू म्हणत.

"आमचं नाणं हलत नाही," साहेब म्हणाले. "बाजारात जितकी नाणी, तितकीच रक्कम बँकेत ठेवलेली. आज जेवढं मोल तेवढंच उद्या. लोकांना पैशात गंमत नको असते हो, लोकांना झोप हवी असते."

दुसरी आली लिननवाली. अंगावर कायम लिननचे कपडे, बोलायला चटपटीत, नखांवर कधी हिरवा रंग, कधी निळा.

"काका, आमचं बघा. डोळा मिटायच्या आत पोचतं, आणि पाठवायला खर्च जवळजवळ नाहीच."

"पण किंमत वरखाली होते ना?"

"होते थोडी. लोक वापरायला लागले की स्थिरावेल."

"आणि लोक कधी वापरायला लागणार?" काकूंनी विचारले.

"स्थिरावली की," लिननवाली म्हणाली, आणि स्वतःच इतक्या मोकळेपणी हसली की काकूंनी तिच्यापुढे स्टूल सरकवले.

चुरगळचे नाणे तिन्हींत जुने होते. ते कोणाचेच नव्हते. त्याला मालक नव्हता, कचेरी नव्हती, आणि ते ठरल्यापेक्षा जास्त कधीच निघणार नव्हते. चुरगळ ज्या कंपनीत काम करी तीही फक्त ते ठेवण्यासाठीचे पाकीट बनवत होती. "थेंबाथेंबाने वाढेल, काका, पण कोणी त्यात पाणी घालू शकणार नाही," हे सांगताना त्याच्या आवाजात एरवी नसलेली ताकद येई.

"एवढं मौल्यवान असेल तर मी ते पुढे खर्च कशाला करू? जपूनच ठेवीन की."

"तोच तर घोळ आहे," तो हळूच म्हणाला. "सगळे जपूनच ठेवतात."

काकांनी आपल्यापुरती वर्गवारी लावून टाकली. साहेबांचे नाणे म्हणजे टेरिकॉट, कसेही वापरा, चुरगळायचे नाही. लिननवालीचे म्हणजे लिननच, देखणे, हलके, पण बसल्याबसल्या सुरकुत्या पडणारे. आणि चुरगळचे म्हणजे लोकर. ऊब खरी, पण वर्षातले कितीतरी महिने ती कपाटातच. काकूंची कसोटी मात्र वेगळी होती. त्या दर संध्याकाळी एकच प्रश्न विचारत, "भाजीवाली घेईल का?" तिन्ही नाणी भाजीवालीपाशी येऊन अडत.

दुकानाची एक रीत होती. इस्त्री फिरवण्याआधी प्रत्येक कपड्याचे खिसे उलटे करायचे. जे निघेल, मग ती नोट असो, किल्ली असो की कोणाची चिठ्ठी, ते न वाचता, न मोजता कागदी पुडीत घालून त्याच हँगरला टाचायचे. ज्या खिशातून निघाले त्याच खिशाकडे परत. ही रीत काकांच्या वडिलांपासूनची. खिशातले काही हरवले म्हणून कोणी तक्रार घेऊन आले, असे आजवर झाले नव्हते, आणि काकांच्या साऱ्या मिळकतीत त्यांना खरा अभिमान एवढ्याच गोष्टीचा होता.

चूक झाली ती एका सकाळी. चुरगळ घाईत आला, महिन्याचे पैसे एकदम पाठवून घाईतच वर गेला. दुपारी हात रिकामे झाल्यावर काकांनी चष्मा चढवून मोबाइल पाहिला. त्या नाण्याचा एक तुकडा लिहायचा तरी दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग लागे. चुरगळच्या घाईत त्यातली दोन शून्ये गळाली होती, आणि महिन्याच्या इस्त्रीऐवजी शंभर महिन्यांची इस्त्री काकांच्या पाकिटात येऊन पडली होती.

"बघ गं, पोराने केवढा घोळ घातलाय!"

"मग फोन करा त्याला."

"फोन कशाला? कुठून आले ते इथेच लिहिलंय." पडद्यावर एक लांबलचक पत्ता होता, अक्षरे आणि आकडे एकमेकांत गुंतलेला. काकांनी बोटाने तो उचलला, परतीच्या चौकटीत ठेवला, आपले तेवढे राखून बाकीचे रवाना केले. कोणाला न विचारता हे आपल्याला जमले, याचे त्यांना लहान मुलासारखे अप्रूप वाटले. पुढची पँट त्यांनी जरा गुणगुणतच हाती घेतली.

संध्याकाळी चुरगळ आला तो पांढराफटक पडून. चूक नुकतीच त्याच्या ध्यानात आली होती.

"काका, सकाळी माझ्याकडून..."

"परत केलेसुद्धा!" काकांनी इस्त्री उंचावून सांगितले. "ज्या पत्त्यावरून आले, त्याच पत्त्यावर."

चुरगळने मोबाइल हातात घेतला. पाहिले. पुन्हा पाहिले. मग तो लिननवालीसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसला.

"तो पत्ता माझा नव्हता, काका," तो म्हणाला. "मी नाणी घेणाऱ्या-विकणाऱ्या एका ऑनलाइन पेढीतून पाठवले होते. पेढी पैसे बाहेर काढते ती सगळ्यांच्या सामाईक पेटीतून. माझ्यासाठी पैसे आत यायचं दार वेगळं असतं. तुम्ही ते त्यांच्या पेटीत टाकलेत. कोणाचे, कशाचे, काहीच नोंद न होता."

काकूंनी हातातला हँगर काउंटरवर ठेवला.

"मग पेढीवाल्यांना सांगू," काका म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर. कुठे बसतात ते?"

"ते कुठेच बसत नाहीत. लिहून कळवतो मी."

त्याने कळवले. चार-सहा दिवसांनी उत्तर आले: त्या पेटीत थेट आलेल्या रकमांचा शोध घेणे पेढीच्या नियमांत बसत नाही, गैरसोयीबद्दल दिलगिरी. ती रक्कम म्हणजे चुरगळने नव्या खोलीच्या अनामतीसाठी जमवलेली पुंजी होती. हल्ली तो तिघांबरोबर एका खोलीत राहत होता, आणि आईला इकडे आणायचे त्याने ठरवून टाकले होते. आईने तिकडचे घर सोडायची तयारीही केली होती. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. काकूंनी खोदून खोदून विचारले म्हणून कळले.

काकांचे कुतूहल आता निराळे झाले. त्यात आधीची मौज उरली नाही. साहेब आले तेव्हा कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता त्यांनी विचारले, "साहेब, हेच तुमच्या नाण्यात झालं असतं तर?"

"आमच्यात परत आणता आलं असतं. तशी सोय ठेवलीये आम्ही."

"म्हणजे माझ्या पाकिटातलंही वरच्या वर काढून घेता येईल?"

"तुमचं कशाला कोण काढेल, काका?"

"नाही, सहज विचारलं. येईल ना पण?"

साहेबांनी शर्टाची घडी उगाचच पुन्हा पाहिली. "येईल," ते म्हणाले.

लिननवाली म्हणाली, "आमच्यात मत घेतलं असतं."

"माझ्या चुकीवर? कोण देणार मत?"

"ज्यांच्याकडे नाणी आहेत ते. ज्याची नाणी जास्त त्याची मतं जास्त."

"आणि ज्याचं सगळं गेलं त्याची मतं किती?"

 तिचे निळे नख काउंटरच्या कडेवरून सावकाश फिरत राहिले. "चांगला प्रश्न आहे, काका," ती म्हणाली. ते चिडून म्हटल्यासारखे नव्हते, आणि म्हणूनच काकांना तिची कीव आली.

चुरगळला विचारायचे त्यांच्या जिवावर आले होते. तोच आपण होऊन म्हणाला, "आमच्यात कोणीच काही करत नाही, काका. कोणाला काही करताच येत नाही. म्हणूनच ते चांगलं आहे." हे म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र एकदाही हलला नाही.

त्या दिवशी काका बराच वेळ एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिले. तीन नाणी, आणि चुकीचा भार कोणी वाहायचा हे तिन्हींनी आधीच ठरवून टाकलेले. एकाने तो वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला होता, दुसऱ्याने गर्दीच्या हाती दिला होता, तिसऱ्याने ज्याचा हात चुकला त्याच्याच डोक्यावर कायमचा ठेवला होता. माणसांनी आपापसात ठरवायला जागाच कुठे ठेवली नव्हती.

"अर्धे मी देतो," त्यांनी शेवटी चुरगळला सांगितले.

"का? चूक माझी होती."

"पहिली तुझी. दुसरी माझी."

"दुसरी चूक नव्हती, काका. तुम्ही परत केलेत. चूक कशी म्हणणार त्याला?"

"माझ्या हातून हरवलं. आमच्या दुकानातून आजवर कोणाचं काही हरवलं नाही."

"मी घेणार नाही."

"घेशील कसा नाही? वयाने मोठा आहे मी!"

"अहो, पुरे!" काकू मध्येच कडाडल्या. "आमच्याकडे अर्धे आहेत कुठे, द्यायला? आणि हा घेणार कुठे? दोघेही उगाच पाण्यात काठी मारताय." मग चुरगळकडे वळून, आवाज उतरवून, "आई काय करते रे दिवसभर? बडबडी आहे का?"

"बडबडी... म्हणजे, आहे थोडी."

"मग बरं. मागची खोली आहे आमची. सूट, कोट, ब्लँकेटं टांगलेली असतात त्यात. यांचं आता वय झालं, जड कपडे झेपत नाहीत. ते घेणं बंद करू. आईला आण."

काकांनी चमकून बायकोकडे पाहिले. जड कपड्यांवरच तर दुकानाचा खरा धंदा होता. काकू मुद्दाम त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. एक पडलेला चिमटा उचलायला म्हणून त्या खाली वाकल्या, त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

"भाडं कशात देऊ?" चुरगळने चाचरत विचारले. तो पैशांच्या धंद्यातला माणूस असल्याने त्याला पहिला प्रश्न तोच सुचला.

 तिन्ही पाकिटे काकांच्या डोळ्यांपुढून गेली. "आधी आईला विचार," ते म्हणाले, "वाफेचा वास सहन होईल का म्हणून."

सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून मागची खोली रिकामी केली. चुरगळ कोट हातांवर घेऊन बाहेर नेई, आणि काका एकेक खुंटी उपटून काढत. शेवटची रांग हलली तेव्हा भिंतीत एक खिडकी निघाली. ती तिथे आहे हे काका पार विसरून गेले होते. काचेवर वर्षानुवर्षांचा धुरळा बसून ती भिंतीसारखीच दिसत होती.

"आईला उजेड होईल," चुरगळ म्हणाला.

काकांनी फवाऱ्याची बाटली आणली. कापडाच्या बोळ्याने ते काच पुसू लागले, आधी कोपरे, मग कडा, मग मधला भाग, कॉलरपासून सुरुवात करून शर्ट सरळ करावा तसे. काच हळूहळू निवळली. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, हात लांब केला तर टेकेल इतक्या जवळ, आणि तिच्यावरून पाण्याचा एक पाइप खाली गेला होता. दुसरे काही नव्हते.

काकांनी खिडकी ढकलून उघडली. मग बोळा उलटा करून त्यांनी बाहेरची बाजूही पुसायला घेतली.